साउथ एशियन गेम्सच्या मेडलला किंमत आहे का, आणि त्यासाठी मुलीचं एक वर्ष द्यावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी 18 वर्षांची, भाला टाकते, बेस्ट 46 मीटरच्या आसपास, ज्युनिअर नॅशनल खेळून आलीय. कोच म्हणतात पुढच्या साउथ एशियन गेम्सचं टार्गेट ठेवू आणि त्यासाठी बारावीनंतर एक वर्ष गॅप घेऊ. घरचे आणि ऑफिसमधले म्हणतात, अहो सॅफ गेम्सच्या (साउथ एशियन गेम्सचंच जुनं नाव) मेडलला कोण विचारतं, तिथे भारत तीनशे मेडल्स आणतो, नेपाळ-भूतानला हरवून काय मोठं केलं. आणि वडील विचारतायत की यात नक्की खरं कोणाचं.

मी थ्रोजचं कोचिंग करतो, बरीच वर्षं झाली, भाला आणि थाळीची मुलं-मुली माझ्याकडे असतात, त्यातली काही इंडिया कॅम्पपर्यंत गेलीत. म्हणून जरा सविस्तर लिहितो. मला दोन्ही बाजूंचं पटत नाही. तुमचा खरा प्रश्न मेडलच्या किमतीचा नाहीच, मुलीचं एक वर्ष कशाच्या भरवशावर द्यायचं हा आहे. आणि ते ठरवायचं तर आधी ही स्पर्धा वाचायची कशी हे कळलं पाहिजे. माझं म्हणणं एकच आहे, या गेम्सचा मेडल टॅली बघून कुठलाही निर्णय घेऊ नका, भाला किती लांब पडला ते बघा.

आधी टॅलीचंच बोलू कारण सगळे तिथेच अडकतात. ही स्पर्धा 1984 ला काठमांडूत सुरू झाली, सात देश आणि पाच खेळ, बस्स. वाढत वाढत 2019 ला काठमांडू-पोखऱ्यात सव्वीसच्या आसपास खेळ झाले. भारताला तेव्हा 174 गोल्ड आणि एकूण 312 मेडल्स मिळाली, त्याआधी 2016 ला गुवाहाटी-शिलाँगलाही तीनशेच्या वर. आकडा एवढा मोठा आहे की माणूस त्याच्या आत बघतच नाही. पण आत बघितलं की वेगळंच दिसतं. त्याच 2019 ला ॲथलेटिक्समध्ये, म्हणजे तुमच्या मुलीच्या खेळात, श्रीलंकेची गोल्ड आपल्यापेक्षा जास्त होती. कारण सरळ आहे, स्पर्धा डिसेंबरात होती, दोहाची वर्ल्ड चॅम्पियनशिप ऑक्टोबरात संपलेली, आपले मोठे ॲथलीट सीझन संपवून विश्रांतीला किंवा बेस ट्रेनिंगला गेलेले. त्याच वेळी कुस्तीत आपण 14 गोल्ड घेतली. आर्चरीत आपला एकही तिरंदाज नव्हता कारण आपल्या फेडरेशनवर तेव्हा बंदी होती, आणि बांगलादेशने आर्चरीतली दहाच्या दहा गोल्ड नेली. पुरुषांच्या फुटबॉलला आपण टीमच पाठवली नाही, नेपाळ जिंकलं. म्हणजे एकाच गेम्समध्ये एका खेळातलं गोल्ड आशियाई दर्जाचं असू शकतं आणि शेजारच्या हॉलमधलं गोल्ड आपल्या स्टेट मीटच्या दर्जाचं. सगळ्यांवर एकच शिक्का मारून "सॅफ गेम्स फालतू" म्हणणं चूक आहे आणि "इंटरनॅशनल गोल्ड मेडलिस्ट" असा फ्लेक्स लावणंही घाईचं आहे. इव्हेंट कुठला, समोर कोण होतं आणि मार्क, म्हणजे अंतर किंवा वेळ, किती आला, हे तीन कळल्याशिवाय मेडलबद्दल काही बोलताच येत नाही.

आता भाल्याचंच उदाहरण घ्या, कारण याच्याइतकं चांगलं उदाहरण दुसऱ्या कुठल्या इव्हेंटमध्ये मला तरी माहीत नाही. फेब्रुवारी 2016, गुवाहाटी. पुरुषांच्या भाल्यात एक 18 वर्षांचा पोरगा 82.23 टाकतो आणि राष्ट्रीय विक्रमाची बरोबरी करतो. तो नीरज चोप्रा. त्याच स्पर्धेत 78.33 टाकून ब्राँझ घेणारा पाकिस्तानचा पोरगा म्हणजे अर्शद नदीम. त्या दिवशी पेपरात ती बातमी टॅलीच्या खाली दोन ओळींत आली असेल. पण ज्याला भाला कळतो त्याला त्या 82.23 मध्ये सगळं दिसत होतं, 18 व्या वर्षी, फेब्रुवारीत, सीझनच्या सुरुवातीला हे अंतर म्हणजे पोरगा कुठे जाणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. पाचच महिन्यांनी पोलंडमध्ये त्याने 86.48 टाकून अंडर ट्वेंटीचा वर्ल्ड रेकॉर्ड केला. पुढे 2019 ला काठमांडूत अर्शदने 86.29 टाकला, गोल्ड तर मिळालंच पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे टोकियो ऑलिंपिकची थेट पात्रता तिथेच मिळाली, पात्रतेचा आकडा 85 होता. टोकियोत नीरज पहिला, अर्शद पाचवा. पॅरिसला 2024 मध्ये अर्शद 92.97, ऑलिंपिक रेकॉर्ड, नीरज 89.45 वर सिल्व्हर. म्हणजे ऑलिंपिकच्या पोडियमवरची ही दोन पोरं एकमेकांसमोर उभी राहिली होती ती तुमचे नातेवाईक ज्याला किंमत नाही म्हणतात त्या गेम्समध्ये.

बायकांच्या भाल्यातही तेच. 2016 ला गुवाहाटीत सुमन देवीने गोल्ड घेतलं आणि अन्नू राणी दुसरी आली. त्या दिवशीच्या सिल्व्हरवरून कोणी अन्नूबद्दल मत बनवलं असतं तर फसला असता, तीच अन्नू 2023 ला हांगझोऊमध्ये 62.92 टाकून एशियन गेम्सचं गोल्ड घेऊन आली.

आपल्या नाशिकच्या कविता राऊतचं पण सांगतो, कारण लोक विसरतात. तिने 2016 ला गुवाहाटीच्या मॅरेथॉनमध्ये 2 तास 38 मिनिटं 38 सेकंद काढले आणि त्यावर रिओ ऑलिंपिकची पात्रता मिळवली. ऑलिंपिकला पाठवलं ते त्या वेळेने, तिथल्या गोल्डने नाही. तेवढीच वेळ काढून ती तिसरी आली असती तरी पात्र ठरली असती. मी जे अंतर बघा, टायमिंग बघा म्हणतोय त्याचा अर्थ हाच.

"नेपाळ-भूतानला हरवून काय मोठं" या वाक्याबद्दल मला वेगळं बोलायचंय, कारण ते ऐकलं की खरंच वाईट वाटतं. आपल्यासाठी ही चौथ्या पाचव्या क्रमांकाची स्पर्धा असेल, ऑलिंपिक, वर्ल्ड, एशियन, कॉमनवेल्थ आणि मग ही. शेजाऱ्यांसाठी तसं नाही. मालदीवचं बघा, 1984 पासून येतायत आणि गेम्सच्या इतिहासातलं पहिलं गोल्ड मिळालं 2019 ला, हसन सईदला, तेही पुरुषांच्या 100 मीटरमध्ये. एवढ्याशा बेटांचा देश आणि साउथ एशियातला सगळ्यात वेगवान माणूस त्यांचा! 2010 ला ढाक्यात पाकिस्तानच्या नसीम हमीदने बायकांची 100 मीटर जिंकली तेव्हा तिच्या देशात तो केवढा मोठा क्षण होता. 2016 ला बांगलादेशची वेटलिफ्टर माबिया अख्तर पोडियमवर सॅल्यूट करत राष्ट्रगीत संपेपर्यंत रडत होती, तो व्हिडिओ शोधून मुलीला दाखवा. ही माणसं या मेडलसाठी वर्षानुवर्षं घासतात. तुमची मुलगी तिथे गेली तर समोर अशीच एखादी श्रीलंकेची थ्रोअर असेल जिच्यासाठी हा दिवस आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस आहे, आणि श्रीलंकेच्या मुली भाल्यात अजिबात कच्च्या नाहीत. "सोपं मेडल" समजून गेलेला ॲथलीट तिथे मार खातो, मी बघितलेलं आहे.

यजमान देशाचा पण एक हिशोब असतो तो लक्षात ठेवा. नेपाळची 2016 ला 3 गोल्ड होती, 2019 ला घरी 51 झाली. बांगलादेशची 2006 ला 3, 2010 ला ढाक्यात 18, मग 2016 ला परत 4. घरचं पब्लिक, घरचं वातावरण, मोठी टीम आणि आपल्याला जमतात ते खेळ आणि गट जास्त ठेवणं, सगळं त्यात आलं. नेपाळमध्ये कराटे, तायक्वांदो असतं तसं. यात गैर काही नाही, सगळीकडे असंच चालतं. फक्त टॅलीवरून देशाचा खेळ सुधारला की बिघडला हे ठरवू नका, एवढंच.

आता तुमच्या मुलीवर येतो. इथे बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे, तिचा थ्रो मी बघितलेला नाही, त्यामुळे जे सांगतो ते सर्वसाधारण सांगतो.

पहिली गोष्ट, तारीख. ही स्पर्धा वेळेवर होईल या भरवशावर कोणाचंही वर्ष लावू नका. इतिहास बघा, इस्लामाबादचे गेम्स 2001 ला व्हायचे होते ते झाले 2004 ला. दिल्लीला 2012 ला ठरलेले गेम्स पुढे ढकलत ढकलत 2016 ला गुवाहाटी-शिलाँगला झाले. चौदावे गेम्स पाकिस्तानात 2021 ला ठरले होते, त्यांच्या तारखा किती वेळा बदलल्या ते तुम्हीच बातम्या काढून बघा, 2019 नंतर स्पर्धा पुढे सरकतेच आहे. दोन देशांचे संबंध बिघडले, सरकार बदललं, फेडरेशनवर बंदी आली, काहीही झालं की गेम्स पुढे जातात. शेजारी साउथ ईस्ट एशियात त्यांचे सी गेम्स 1959 पासून साधारण दर दोन वर्षांनी होतात, तिथला कोच चार वर्षांचा प्लॅन कागदावर मांडू शकतो. सिंगापूरच्या जोसेफ स्कूलिंगने 2015 च्या सी गेम्समध्ये पोहण्यात नऊ गोल्ड घेतली आणि पुढच्याच वर्षी रिओत फेल्प्सला मागे टाकून ऑलिंपिक गोल्ड घेतलं, त्यांच्याकडे ती पायरी ठरलेल्या जागी असते. आपल्याकडे ती पायरी कधी असते कधी नसते. त्यामुळे "पुढच्या सॅफ गेम्ससाठी गॅप" हे वाक्यच मला धोक्याचं वाटतं. वर्ष गेलं आणि गेम्स झालेच नाहीत तर?

दुसरी गोष्ट, आकडा. 46 हा 18 व्या वर्षी वाईट आकडा नाही, मुलगी मेहनती आहे हे त्यात दिसतं. पण 2016 ला गोल्ड 59 मीटरच्या वर गेलं होतं आणि सिल्व्हर 57 च्या. मधलं अंतर मोठं आहे आणि ते एका वर्षात भरून निघत नाही, कोणी म्हणत असेल निघतं तर त्याला विचारा कसं. माझ्या अनुभवात 46 वरून 50 लाच दीड-दोन सीझन लागतात, ते पण खांदा, कोपर आणि कंबर धड राहिली तर. या वयात घाईने वजनं वाढवली, हिवाळ्यात थंड शरीराने फुल रन-अपचे थ्रो मारले की कोपराच्या आतल्या बाजूला दुखायला लागतं आणि मग सहा महिने गेले समजा. मी 50 च्या आतल्या मुलींना आधी ब्लॉक लेगवर काम देतो, पुढचा पाय घट्ट रोवला जात नसेल तर हाताची ताकद कितीही वाढवा, भाला जात नाही.

आणि बेस्ट थ्रोवर फार जाऊ नका. मी ॲथलीट बघताना सहा थ्रोची सिरीज मागतो आणि त्यातला दुसऱ्या नंबरचा थ्रो बघतो. 46 एकदा पडला आणि बाकी सगळे 41-42 असतील तर मुलगी खरं म्हणजे 42 ची आहे. 46, 45.20, 44.80 असं असेल तर ती लवकरच 48 टाकणार. शिवाय घरचं ग्राउंड सोडून बाहेर गेल्यावर किती पडतो ते बघा. नवीन रनवे, कॉल रूममध्ये (थ्रोआधी खेळाडूंना बसवतात ती खोली) अर्धा-पाऊण तास नुसतं बसून राहणं, वॉर्म-अप आणि पहिला थ्रो यात गेलेला वेळ, आयोजकांचा भाला वापरावा लागणं, या सगळ्यात जी मुलगी आपल्या बेस्टच्या पाच टक्क्यांच्या आत राहते ती इंटरनॅशनलला चालते. साउथ एशियनसारख्या स्पर्धेचा खरा उपयोग मला विचाराल तर हाच आहे. इंडियाची जर्सी अंगावर आल्यावर हात थरथरतो का, हे एशियन गेम्सच्या आधी कळलेलं बरं. पदकाच्या आशेने नव्हे, या शिक्षणासाठी मी माझ्या मुलांना पाठवायला बघतो.

तुमच्या मुलीसाठी मात्र जवळची पायरी दुसरीच आहे, तिच्याकडे कोचांनी लक्ष द्यावं असं वाटतं. साउथ एशियन ज्युनिअर ॲथलेटिक्स म्हणून अंडर ट्वेंटीची वेगळी स्पर्धा असते, 2018 ला कोलंबोत झाली होती, सप्टेंबर 2024 ला चेन्नईत झाली आणि त्याला पाकिस्तानची टीमसुद्धा आली होती. सीनिअर साउथ एशियन ॲथलेटिक्स पण ऑक्टोबर 2025 ला रांचीत झाली. म्हणजे गेम्स अडकले तरी ॲथलेटिक्सच्या आपल्या आपल्या स्पर्धा होत राहतात. अंडर ट्वेंटीचं वय त्या वर्षाच्या 31 डिसेंबरला मोजतात, तिच्याकडे किती सीझन उरलेत ते जन्मतारखेवरून काढा. ज्युनिअर नॅशनलमध्ये पहिल्या दोनात येणं हे टार्गेट स्वच्छ आहे, तारीख ठरलेली असते आणि ते तिच्या हातात आहे.

तिसरी गोष्ट, गॅप. इथे माझं मत ठाम आहे, गॅप घेऊ नका. अभ्यासाच्या काळजीने नाही म्हणत, खेळाच्याच दृष्टीने म्हणतोय. कॉलेजला ॲडमिशन नसेल तर विद्यापीठाकडून खेळता येत नाही. म्हणजे आंतरमहाविद्यालयीन गेलं, राज्यातल्या विद्यापीठांची अश्वमेध स्पर्धा गेली, अखिल भारतीय आंतरविद्यापीठ गेलं, खेलो इंडिया युनिव्हर्सिटी गेम्स गेले. भालाफेकीत 18 ते 22 या वयातल्या चांगल्या स्पर्धांपैकी निम्म्या तर इथेच असतात. वर्षभर फक्त ट्रेनिंग करून स्पर्धा चार, आणि कॉलेजमध्ये राहून त्याच्या दुप्पट, यातलं थ्रोअरला काय हवं? स्पर्धा हवी. मग असा कोर्स आणि असं कॉलेज निवडा जिथे सकाळ-संध्याकाळ ग्राउंड मिळेल, हजेरीचं समजून घेणारे सर असतील आणि क्रीडा विभाग जागरूक असेल. बीए, बीकॉम काहीही चालेल. जेईई-नीटच्या तयारीबरोबर रोज दोन सेशन करणं मात्र मी तरी फार कमी जणांना जमलेलं बघितलंय, तो निर्णय घरात मोकळेपणाने बोलून घ्या आणि मुलीला बोलू द्या.

मेडलच्या किमतीत नोकरीचाही प्रश्न येतो म्हणून सांगतो. रेल्वेच्या स्पोर्ट्स कोट्यात स्पर्धांचे गट आहेत, ऑलिंपिक पहिल्या गटात, एशियन आणि कॉमनवेल्थ गेम्स दुसऱ्यात, सॅफ गेम्स तिसऱ्यात एशियन चॅम्पियनशिपबरोबर. म्हणजे किंमत शून्य नाही, नीट लिहून ठेवलेली किंमत आहे. राज्य सरकारच्या आरक्षणाचे नियम जीआरने बदलत राहतात, जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन चालू जीआरची प्रत घ्या आणि स्वतः वाचा, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या यादीवर जाऊ नका. सर्टिफिकेट कुठलंही असो, फेडरेशन मान्यताप्राप्त आहे का हे आधी बघा. "साउथ एशियन", "इंडो-नेपाळ", "इंटरनॅशनल ओपन" अशा नावाने पैसे भरून नेपाळला नेणाऱ्या खासगी स्पर्धा पण असतात, नाव ऐकून आईबाप पैसे भरतात आणि ते सर्टिफिकेट कुठेच चालत नाही. खऱ्या टीमचं सिलेक्शन राष्ट्रीय फेडरेशन करतं, त्यासाठी तुमच्याकडून एंट्रीचे पन्नास हजार कोणी मागत नाही. कोणी मागितले तर तिथेच थांबा.

अजून एक, नॅशनल लेव्हलला पोचली की डोप टेस्ट कधीही होऊ शकते. जिममधल्या कोणीतरी दिलेली पावडर, सर्दीची गोळी, गावच्या वैद्याचं चूर्ण, काहीही घ्यायच्या आधी विचारा आणि घेतलेल्या प्रत्येक गोष्टीचं बिल आणि पाकिटाचा फोटो ठेवा. 18 व्या वर्षी बंदी आली की सगळं तिथेच संपतं, आणि यात "आम्हाला माहीत नव्हतं" हे चालत नाही.

तर परत एकदा थोडक्यात, म्हणजे कोचांशी बोलताना हाताशी राहील: गॅप नको, कॉलेज चालू. पुढचं टार्गेट ज्युनिअर नॅशनलमध्ये पहिल्या दोनात आणि आकडा 50. साउथ एशियन ज्युनिअर मिळाली तर आनंदाने जायचं. मोठे गेम्स ज्या वर्षी होतील त्या वर्षी तिचा मार्क टीममध्ये बसत असेल तर ती जाईलच, त्यासाठी वेगळी तयारी नसते, भाला लांब टाकणं हीच तयारी.

तुमच्या कोचांबद्दल मला काहीच वाईट म्हणायचं नाही, मोठं स्वप्न दाखवणारा कोच असणं चांगलंच असतं. फक्त त्यांना एवढं विचारा की 46 वरून 55 पर्यंत जायचा रस्ता महिन्याप्रमाणे लिहून द्या. ज्याच्याकडे प्लॅन आहे तो लगेच लिहून देतो. आणि मागच्या दोन सीझनमधल्या तिच्या सगळ्या स्पर्धांच्या सिरीज, फाउल धरून, इथे टाका, शक्य असेल तर बाजूने काढलेला एक थ्रोचा व्हिडिओ सुद्धा, पाय दिसला पाहिजे त्यात. कोपर किंवा कंबर दुखत असेल तर ते पण लिहा, ते आधी बघावं लागेल.